दाराआडची पेज

अण्णा,

तुझ्या अंगणातली माती लोक नेताहेत. चिमूट चिमूट, पदराच्या टोकाला बांधून. सदलग्याकडच्या एका म्हातारीने तर काल तू बसायचास त्या कट्ट्याचा पोपडाच सोलून नेला. मी पाहत होतो. बोललो काहीच नाही. तुझ्या बाबतीत गप्प बसणं माझ्या अंगवळणी पडलं आहे.

नेमाण्णाने समाधिमरण साधलं, असं गाव म्हणतं. निपाणीच्या पेठेत तेच, चिकोडीकडे तेच. ब्रह्मदेशातून बुद्धाचं वेड घेऊन आलेला माणूस शेवटी आपल्या धर्मात परतला, सल्लेखना घेतली, अन्नपाणी सोडून णमोकार मंत्र ऐकत देह ठेवला. असा ज्याने देह ठेवला त्याच्या आठवणीचा दगड बसवायची आपल्यात रीत आहे. तुझ्या आईचा असा दगड, तिची निषिधी, नदीकाठी आहेच. तिच्याशेजारी तुझी बसवायची ठरली आहे. दगड आला. त्यावर दोन पावलं कोरली आहेत, आणि तो तुझ्या सोप्यात भिंतीला टेकून उभा आहे. येत्या पौर्णिमेला बसेल.

आणि तू व्रत घेतलंच नव्हतंस. हे दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक तू. दुसरा मी, तुझा धाकटा चुलतभाऊ भूपाल, ज्याने तुझं शेवटचं मागणं दाराआड ठेवलं.

हे तुला लिहितो आहे, पण गावानेही वाचावं. त्याआधी तोंडाने सांगायचं धैर्य यावं म्हणून लिहितो आहे, असं म्हण हवं तर.

तू गेल्यापासून मला एकच स्वप्न पडतं. वेदगंगेवर सकाळचं धुकं आहे. दोन्ही काठांना तंबाखूची रानं, पानं ओलाव्याने जड होऊन वाकलेली. अलीकडच्या काठावर एक जण पद्मासनात बसलेला, पलीकडच्या काठावर दुसरा. दोघांचे डोळे अर्धे मिटलेले. कोण महावीर आणि कोण बुद्ध, ओळखू येत नाही. अंगावर वस्त्र आहे की नाही एवढ्यावरून कळलं असतं, पण धुकंच दोघांचं वस्त्र झालेलं. आणि मधे, गुडघाभर पाण्यात, तू तुझं काळं भांडं विसळत उभा. मी काठावरून हाक मारतो. तू ओठांवर बोट ठेवतोस, जणू दोघांपैकी एकाचा नुकता डोळा लागला आहे. मग तू भांडं पालथं करतोस. त्यातून पाण्याऐवजी उजेड सांडतो आणि प्रवाहाबरोबर निपाणीच्या बाजूला वाहत जातो. मी जागा होतो तेव्हा माझ्या तळहाताला ओल असते.

ते भांडं पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो. युद्ध पेटलं होतं. रंगूनवर बॉम्ब पडल्याच्या बातम्या पेठेत पोचल्या होत्या. तांदळाच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला तू ऐन तरुणपणी गेलास, अधूनमधून येऊन गेलास, कुणी लग्नाचा विषय काढला की हसून परत बोट धरलीस. आता मात्र तुझा ठावठिकाणा नव्हता. तू गेलास असंच आम्ही धरून चाललो होतो. आणि एका दुपारी दाराशी हाडांचा सापळा उभा. हातात लाखेचं काळं भांडं, हलकं, तळव्याएवढ्या खोलीचं. आक्काने, तुझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीने, तुला ओळखलं नाही. नवरा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच. दाराशी येणाऱ्याला रिकामं पाठवायचं नाही, हा तिचा नेम.

"थांब बाबा, भाकरी आणते," म्हणाली.

"आण आक्का," तू म्हणालास. "आधी वाढ, मग वळख."

ती थबकली. तुझ्याकडे नीट पाहिलं. आणि खरोखर तिने आधी वाढलं. तू खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिली, पाणी दिलं, भांडं उचललं, आणि मग रडली. आक्काचं रडणंसुद्धा नेमाने चालतं, असं तू पुढे चिडवायचास.

ब्रह्मदेशातून तू चालत आला होतास. त्या वाटेबद्दल तू फार बोलला नाहीस. एवढंच सांगायचास, की वाटेवर माणसं बसायची आणि उठायची नाहीत. एका डोंगरातल्या बाईने, जिची भाषा तुला येत नव्हती, तुझ्या भांड्यात तांदळाची पेज ओतली. तिचा देव झाडात राहणारा. तू बुद्धाचं ऐकणारा, आणि जन्माने जैन.

"पेजंला कुठला धरम असतोय, भूपाल?" तू म्हणायचास. "तिला नुसती ऊब असती."

त्यानंतरची ती काही वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं होती, हे तुला मी कधी सांगितलं नाही. वखार बंद करून मी तुझ्याकडे यायचो. अंगाला तंबाखूचा उग्र वास, तू शिंकायचास आणि कट्ट्यावर लांब सरकून बसायचास. समोर बस्तीचं, म्हणजे आपल्या जिनमंदिराचं शिखर, मागे सुकत घातलेल्या पानांची रास, आणि तुझ्या आवाजात रंगूनची सकाळ. भगव्या वस्त्रांतले भिक्खू एका ओळीत, अनवाणी, दारोदार. मागत नाहीत. नुसते थांबतात. तुझं बोलणं ऐकताना आपला रस्ताच लांबत लांबत समुद्रापलीकडे गेल्यासारखा वाटायचा, आणि बैलगाड्यांच्या घुंगरांतून त्या देशातल्या देवळांच्या घंटा ऐकू यायच्या. तिथे बुद्धाच्या पायरीशीच झाडाखालच्या देवांची ठाणी असतात, म्हणायचास, जशी आपल्या बस्तीत पार्श्वनाथांच्या बाजूला पद्मावती. जवळच चिन्यांचं देऊळ, त्यात करुणेची देवी. बुद्धाच्याच पंथातला एक बोधिसत्त्व चालत चालत चीनमध्ये पोचला आणि तिथे आई झाला, असं तू सांगितलंस तेव्हा आक्का आतून म्हणाली होती, "बरं झालं. बाईच्या जन्माला आल्याबिगर करुणा कळत न्हाय."

बस्तीचे उपाध्ये यायचे. त्यांना तू काका म्हणायचास, आणि त्यांना तुझ्याशी भांडल्याशिवाय चैन पडत नसे.

"नेमाण्णा, तुझा बुद्ध आधी आमच्याच संघात हुता म्हणं," सुपारी कातरत ते सुरू करायचे. "उपास झेपला न्हाय, म्हणून पळाला."

"पळाला न्हाय, काका. भूक लागली, आणि लागली म्हणून खरं सांगितलं."

"खीर खाल्ली की रं त्यानं!"

"सुजातेनं दिली, खाल्ली. आणि मग बसला झाडाखाली. पोट भरलेला माणूस बी मोक्षाचा इचार करतोय काका, तुम्हीच बघा की स्वतःकडं."

उपाध्यांच्या पोटाकडे पाहून सगळे हसले. तेही हसले, पण सुपारीचं खांड त्या दिवशी तुला दिलं नाही.

आक्काची चिंता वेगळी होती. तिने एकदा उंबऱ्यात येऊन थेट विचारलं, "व्हय रं, तुझा बुद्ध दिवस मावळल्यावर जेवायचा का?"

"न्हाय गं. त्येचे भिक्खू तर दुपार टळली की अन्नाला शिवत न्हाईत."

"अगं बाई! म्हंजे आमच्यापरास कडक." ती विचारात पडली. "मग आमचं पोरगं बिघडलं कुठं म्हणायचं?"

तू पोट धरून हसलास. आक्काला त्या दिवसापासून बुद्धाबद्दल बरं वाटू लागलं. पण गावाला वाटत नव्हतं. बस्तीत पंगत असली की तुला खांबाआड जागा मिळायची. लोक मागून तुला बुद्धू म्हणायचे, आणि मी, तुझा भाऊ, ते ऐकून तंबाखूची पानं उलटी-सुलटी करत राहायचो. तू मात्र खांबाआड बसून शांतपणे जेवायचास आणि वाढणाऱ्याला म्हणायचास, "हितनं मूर्ती चांगली दिसतीया."

मला तुझं एक बोलणं सारखं आठवतं. महावीर आणि बुद्ध एकाच काळातले, एकाच मगधात फिरलेले. एकाच पावसात भिजले, एकाच लोकांच्या दारात उभे राहिले. तरी दोघं समोरासमोर बसल्याचं कुणी सांगत नाही. "भेटले असते तर काय झालं असतं?" मी विचारलं होतं.

"काय न्हाय. दोघंबी गप बसले असते. भांडाण चेल्यांना लागतंय."

आपल्यात मात्र भांडण झालं, अण्णा. ते मिटलंच नाही.

नदीकाठी आईच्या निषिधीजवळ उभे होतो आपण. तू रंगूनला असताना काकूने, म्हणजे तुझ्या आईने, सल्लेखना घेतली होती. तू दगडावरचं शेवाळ बोटाने काढत होतास. मग मला विचारलंस, "शेवटी काय मागितलं का रं तिनं?"

"न्हाय."

"तू हुतास?"

"हुतो."

"कुणी विचारलं हुतं का तिला?"

मला राग आला. तुला आईचं पुण्य सहन होत नाही, असं मी म्हणालो. जो नव्हता त्याने बोलू नये, असंही म्हणालो. तू शेवाळ काढायचं थांबवलंस. त्यानंतर तो विषय तू काढला नाहीस, आणि पुढच्या पिकाची तंबाखू निघेपर्यंत मी तुझ्या कट्ट्यावर आलो नाही.

आता सांगतो, ते तेव्हा सांगायला हवं होतं. काकूने व्रत खरोखर घेतलं होतं. मोठ्या मुनिमहाराजांसमोर, सगळ्यांची क्षमा मागून, पुरत्या शुद्धीत. रोज तिला विचारलं जायचं, काही हवं का, आणि रोज ती हसून नको म्हणायची. शेवटच्या दिवसांत ती इतकी हलकी दिसायची, की तिच्या अंगावरचं लुगडंच तिला धरून ठेवतं आहे असं वाटे. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "भूपाल, तंबाखू निघाली का?" मी निघाली म्हणालो. "मग नेमाला बरं वाटंल," म्हणाली. तू रंगूनला असताना तुला तंबाखूशी काय देणंघेणं होतं? पण तिच्या मनात तू अजून रानात होतास. हे तुला कळलं असतं तर तुला शांत झोप लागली असती. रागाच्या भरात मी तुझ्या आईचं शेवटचं बोलणं तुझ्यापासून लपवलं. आणि नंतर ते काढायला निमित्त सापडलं नाही.

मग तुझा घसा धरला. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात. बेळगावच्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं की अन्ननळीत गाठ आहे आणि आता इलाज नाही. तुला मी सांगायच्या आधीच तू ओळखलंस. "आता भिक्खूंच्याबी पुढं गेलो," म्हणालास. "सकाळचंबी न्हाय." पेज, गुळाचं पाणी, मग नुसतं पाणी. एका सकाळी शेजारची बाई डोकावली तेव्हा आक्का तुला पेज भरवत होती आणि तू तोंड फिरवलंस. घोट उतरत नव्हता म्हणून. ती बाई पाण्याला गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, नेमाण्णानं अन्न सोडलं.

ही चूक आपल्याच लोकांना करता येते, अण्णा. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस जेवेना झाला तर वैद्याला बोलावतात. आपल्याकडे दर्शनाला येतात. कुणासमोर प्रतिज्ञा केली, कुणाची आज्ञा घेतली, हे कुणी विचारलं नाही. उपाध्यांना मी हळूच विचारलं, तर ते म्हणाले, "मनात घेतली आसंल. मनातलं कुणाला दिसतंय?" त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांना तुझ्याशी भांडण जिंकायचं नव्हतं. तुला आपल्याजवळ घ्यायचं होतं. ते मला तेव्हा दिसलं, म्हणून मीही पुढे बोललो नाही.

तू मला सांगितलंस. आवाज पार बसला होता. "भूपाल, ह्यांना सांग. मी काय सोडलं न्हाय. अन्नानं मला सोडलंय."

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. एक कारण आक्का होती. ती येणाऱ्या बायकांना म्हणत होती, "माझा भाऊ परत आला गं," आणि तू त्या दुपारी दारात भांडं घेऊन उभा राहिलास तेव्हाही तिच्या तोंडावर असं तेज नव्हतं. पण सगळा भार तिच्यावर टाकणं खोटं होईल. मला ते आवडू लागलं होतं. वखारीतले हमाल माझ्या पाया पडायला लागले होते. ज्यांनी तुला खांबाआड बसवलं, ते मला बस्तीत पुढे बोलवत होते. पुण्यवंताचा भाऊ. मी स्वतःची समजूतही काढली: सत्याला अनेक बाजू असतात, आपला धर्मच तसं सांगतो. तुझ्या बाजूने आजार, आक्काच्या बाजूने व्रत. तुझं उत्तर मला ठाऊक होतं, कारण तू ते मला कितीदा तरी दिलं होतंस. "अनेकांत म्हंजे पळवाट न्हवं रं. हत्तीला बाजू लई असतात, पण आधी हत्ती असावा लागतोय."

आता त्या दिवसाचं.

दुपार कलली होती. तू डोळे उघडलेस, मला खुणेने बोलावलंस. मी कान तुझ्या ओठांशी नेला. "जरा पेज दे. आज उतरंल असं वाटतंय."

मी चुलीपाशी गेलो. आक्का तुझ्या खोलीत बायकांत होती. सकाळची पेज मी कोमट केली, मिठाचा खडा टाकला, तुझ्या काळ्या भांड्यात ओतली आणि दारापर्यंत आलो. खोली भरलेली होती. बायका णमोकार म्हणत होत्या आणि त्या सुरात ते सगळं घर नावेसारखं संथ हलत होतं. चिकोडीचा एक म्हातारा हात जोडून पुटपुटत होता, "भाळ दोड्ड मनुष्या." फार मोठा माणूस. कुणीतरी तान्हं मूल तुझ्या पावलांशी आणून ठेवलं होतं. आक्का भिंतीला टेकून बसली होती. मी उंबऱ्यात, हातात पेज. एक पाऊल टाकलं असतं तर तो सूर तुटला असता, मूल उचललं गेलं असतं, तो म्हातारा मान फिरवून उठला असता.

मी भांडं दाराआड ठेवलं, धान्याच्या कणगीशेजारी. म्हटलं, हे लोक उठले की देऊ.

लोक उठले नाहीत. उन्हाची तिरीप भिंतीवरून वर चढत गेली, आढ्याला पोचली आणि विझली. दिवस मावळला. आपल्या घरात दिवस मावळला की अन्न संपतं. लहानपणी भुकेने रडलो तरी आपल्याला कुणी घास दिला नाही. आक्का सवयीने उठली, चूल झाकली, पाणी गाळायचं फडकं दोरीवर टाकलं. मी तिच्या शेजारून गेलो. एक वाक्य विचारायचं होतं, आजाऱ्याला चालतं का गं? विचारलं नाही. नेम आक्काचा होता, आणि माझ्या भित्रेपणाला तो फार सोयीचा पडला.

तू दाराकडे पाहत होतास. मग माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. तू डोळे मिटलेस, आणि लोक एकमेकांना म्हणाले, ध्यान लागलं.

उजाडायच्या आत तू गेलास. त्या पेजेने तू जगला नसतास. घोट उतरला असता की नाही, तेही ठाऊक नाही. पण तू मागितली होतीस.

सकाळी सगळे तुला सजवत असताना मी दाराआड गेलो. पेजेवर साय धरली होती आणि भांड्याच्या काठावरून मुंग्या आत उतरल्या होत्या. एकही मरू नये म्हणून मी भांडं कलतं करून, सगळ्या बाहेर पडेपर्यंत तिथे उकिडवा बसून राहिलो. मुंग्यांसाठी मला वेळ होता, अण्णा.

इथवर लिहिलं आणि कागद बाजूला ठेवला. तू गेल्यापासून माझ्याही घशाखाली काही नीट उतरत नव्हतं. वखारीत कुणीतरी म्हणालं, भूपालनंबी काहीतरी धरलंय. ते ऐकलं आणि मला भीती वाटली. या गावात आपण कशामुळे उपाशी आहोत, हे सांगितलं नाही तर गाव आपल्यासाठी कारण शोधतं, आणि ते कारण दगडावर कोरून ठेवतं.

आज दिवस कलताना मी आक्काकडे गेलो. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. लोकांनी माती नेऊन नेऊन अंगणात खळगे पडले आहेत. मी तिच्यासमोर खालीच बसलो.

"आक्का, अण्णानं व्रत घेतलं नव्हतं गं."

तिची बोटं चालूच राहिली. "कोण म्हणतंय?"

"अण्णाच म्हणालता. लोकांना सांग म्हणालता मला."

"मग?"

"सांगितलं न्हाय."

एक खडा तिने बाजूला टाकला. मला वाटलं, इथेच थांबावं. एवढंही पुष्कळ झालं. पण तू ओठांवर बोट ठेवलं नव्हतंस या वेळी.

"शेवटच्या दिवशी पेज मागितली हुती त्यानं."

बोटं थांबली. "कवा?"

"दिवस हुता तवा. मी ऊन केली. लोक हुते, म्हणून दाराआड ठेवली. मग दिवस मावळला."

बस्तीच्या शिखरावरचा उजेड उतरत गेला. सुपातले तांदूळ आधी पिवळे दिसले, मग राखाडी, मग नुसता एक पांढुरका ढीग. घरी जाणाऱ्या गाड्यांची घुंगरं ऐकू येत होती.

"दाराकडं बघत हुता त्यो," शेवटी ती म्हणाली. "मी बघितलं. मला वाटलं, आई न्यायला आली, तिच्याकडं बघतोय. आणि मी बायकांस्नी म्हणाले, बघा गं, कसा सगळं सोडून निघालाय." तिने सूप खाली ठेवलं. "माझा भाऊ भुकेला गेला आणि मी गात हुते."

मला वाटलं ती मला हाकलून देईल. मी उठलो.

"बस," ती म्हणाली. मी बसलो.

"त्यो दगड बसवायचा न्हाय. आईचं खरं हुतं. तिच्या शेजारी खोटं ठेवलं तर तिचंबी उष्टं हुईल. उद्या बस्तीत सगळ्यांम्होरं सांगायचं. मी न्हाय सांगणार. तू."

"सांगतो."

"असंच म्हणालतास न्हवं त्याला?"

ती सूप घेऊन आत गेली. अंधार पडला होता. मग आत काहीतरी उजळलं, आणि मी दारातून पाहिलं तर आक्का चूल पेटवत होती. जन्मात कधी दिवस मावळल्यावर त्या घरात चूल पेटलेली मी पाहिली नव्हती. जाळाचा उजेड भिंतीला टेकलेल्या दगडावर पडत होता आणि त्यावरची दोन पावलं हलल्यासारखी दिसत होती, जणू तुला निघायचं होतं आणि कुणीतरी थांब म्हणालं होतं.

"आक्का, दिवस मावळला की गं."

"मला दिसतंय."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तुझं काळं भांडं होतं. वाफ येत होती. तिने ते माझ्यासमोर ठेवलं नाही, हातात दिलं.

"माझा नेम हाय. मी न्हाय पिणार. तू पी."

मला हात उचलवेना. ती माझ्या शेजारी, खळग्यांच्या त्या अंगणात बसली. तुझ्या कट्ट्याकडे पाहत, फार हळू, माझ्याशी बोलते की तुझ्याशी हे कळू नये अशा आवाजात म्हणाली,

"दिली असती रं मी. आजाऱ्याला कुठला दिवस आणि कुठली रात. नुसतं विचारायचं हुतंस."

उद्या सकाळी बस्तीत जायचं आहे. उपाध्ये काय म्हणतील, लोक मला कुठल्या खांबाआड बसवतील, ते बघू. तिथून मूर्ती चांगली दिसते म्हणतात.

पण आधी हे सांगायचं होतं. मी भांडं तोंडाला लावलं. पहिला घोट अडकला. दुसरा उतरला.

प्यालो, अण्णा. नुसती ऊब होती.